सीएसएस कॉम्बिनेटर वापरताना या चुका टाळा

सिलेक्टर (स्टाइल कोणत्या एलिमेंटला लावायची ते सांगणारा भाग) बरोबर वाटतो, फाइल सेव्ह झालेली असते, तरी स्टाइल लागत नाही. अशा वेळी आधी ब्राउझरमधल्या डेव्हटूल्स या तपासणी साधनाचं एलिमेंट्स पॅनेल उघडा. कॉम्बिनेटर म्हणजे सिलेक्टरमध्ये दोन एलिमेंटचं नातं सांगणारं चिन्ह. तो ब्राउझरने बांधलेल्या डॉमवर, म्हणजे पानातल्या एलिमेंटच्या झाडावर, चालतो आणि तो डॉम तुम्ही लिहिलेल्या फाइलपेक्षा वेगळा असू शकतो. व्ह्यू सोर्समध्ये हा फरक दिसत नाही.

सर्वांत फसवं उदाहरण टेबलचं. `टेबल > टीआर` लिहिलं की काहीच होत नाही, कारण हे चिन्ह फक्त थेट अपत्य पकडतं, पण एचटीएमएल वाचताना पार्सर (ब्राउझरचा एचटीएमएल वाचणारा भाग) टीबॉडी स्वतःहून घालतो आणि टीआर टेबलचं थेट अपत्य उरत नाही. `टेबल > टीबॉडी > टीआर` लिहा. तसंच पी टॅगच्या आत यूएल टाकलात, तर यूएल दिसताच पार्सर पी बंद करतो. दोघं भावंडं होतात, म्हणून `पी > यूएल` जुळत नाही, `पी + यूएल` मात्र जुळतो. शिवाय शेवटी उरलेल्या बंद टॅगमुळे एक रिकामा पी तयार होतो.

`+` फक्त लगेच पुढच्या एलिमेंटला पकडतो. मधला मजकूर किंवा कॉमेंट मोजली जात नाही, पण डिस्प्ले नन केलेला डिव्ह किंवा स्क्रिप्ट टॅग मोजला जातो. न दिसणाऱ्या या गोष्टींमुळेच साखळी तुटते. त्यावर उपाय म्हणून `~` लावताना जपा. `एच२ ~ पी` त्याच पालकाखालचे पुढचे सगळे परिच्छेद रंगवतो, पुढच्या शीर्षकाखालचेही. मागच्या भावंडाकडे यातला कोणताच जात नाही. त्यासाठी `लेबल:हॅज(+ इनपुट:फोकस)` वापरा. डिसेंबर २०२३ पासून `:हॅज` क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स या तिन्हींत चालतो.

स्पेस हाही कॉम्बिनेटरच आहे. `.कार्ड.निवडलेले` म्हणजे दोन्ही क्लास एकाच एलिमेंटवर. मध्ये स्पेस आली की कार्डच्या आतलं एलिमेंट. नेस्टिंगमध्ये, म्हणजे एका नियमाच्या आत दुसरा लिहिताना, `&` विसरलात तर ब्राउझर ही स्पेस गृहीत धरतो. स्वल्पविरामाचंही भान ठेवा: `.कार्ड > एच३, पी` मुळे पानावरचा प्रत्येक पी बदलतो. `.कार्ड > :इज(एच३, पी)` हवं.

`.मेनू > एलआय` ला लाल रंग दिला आणि आतली यादीही लाल झाली, तर `>` ला दोष देऊ नका. रंग वारशाने खाली उतरतो, बॉर्डर उतरत नाही. `.मेनू यूएल` ला वेगळा रंग द्या. इथे स्पेसिफिसिटीचाही, म्हणजे कोणता नियम वरचढ ते ठरवणाऱ्या गुणांचाही, घोळ होतो: कॉम्बिनेटरला शून्य गुण असतात. `.मेनू > एलआय` जास्त नेमका वाटला, तरी खाली लिहिलेला `.मेनू एलआय` त्यावर मात करतो.

अडलात तर एलिमेंट्स पॅनेलमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून सिलेक्टर तिथेच पेस्ट करा. किती एलिमेंट जुळले ते कळतं. शून्य आले तर डावीकडून एकेक भाग काढत जा. ज्या भागाशिवाय आकडा वाढतो, तिथलं नातं डॉममध्ये तपासा. आकडा बरोबर असून स्टाइल लागत नसेल, तर स्टाइल्स पॅनेलमध्ये तो नियम खोडलेला आहे का ते बघा.