रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक टूरसाठी तयार करताना आधी टॅपेट बघा

पॉवर वाढवायचं नंतर, आधी टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा बारीक गॅप. रात्रभर गार झालेल्या इंजिनवरच करायचं, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा, मॅन्युअलमधल्या मापाची फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) त्या गॅपमध्ये घाला, ती किंचित अडकत सरकली पाहिजे, आणि लॉकनट (गॅपचा स्क्रू पक्का धरणारा नट) आवळल्यावर परत चेक करा कारण तेव्हाच गॅप हलतो (मी एकदा आळस केला, टकटक ऐकत घरी आलो). इंजिन ऑइल 15डब्ल्यू50 ग्रेडचं, फिल्टरसकट बदला.

पॉवरसाठी नुसता फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर लावू नका राव, फ्युएलिंग (पेट्रोलचं प्रमाण) जुळवलं नाही तर मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापतं. त्यापेक्षा पुढचं 15 दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढून 16चं टाका, हायवेला आरपीएम कमी राहतो, फक्त कसारा घाटात लोड असेल तर एक गिअर खाली.