एमएच-०९ ची स्पोर्ट्स कार केए-२२ करताना

मला दोन दारांची स्पोर्ट्स कारच हवी होती. दुबईतल्या मावसभावाने तिथली एक सुचवली, पण तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि ३ वर्षांच्या आतलीच लागते. विषय तिथेच संपला.

मग कोल्हापुरात एमएच-०९ पासिंगची मनासारखी मिळाली. आम्हा बेळगावकरांना कोल्हापूर घरचंच, आरटीओला मात्र ते परराज्य. गाडी १२ महिन्यांहून जास्त इकडे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो.

घोडं अडलं एनओसीवर, म्हणजे गाडी परराज्यात न्यायला जुन्या आरटीओकडून लागणाऱ्या ना-हरकत दाखल्यावर. मालकाने कर्ज फेडलेलं, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा तसाच. फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का घेऊन आधी तो उतरवायला लावला, मगच पूर्ण पैसे दिले. तुम्हीही यावर ठाम राहा. पुढे फॉर्म २८ ची एनओसी, त्यावर चॅसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, नाव बदलायला २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी २७. एनओसी नेमक्या आरटीओच्या नावेच घ्या: बेळगाव केए-२२, चिक्कोडी-निपाणीकडे केए-२३.

खरा खर्च कर्नाटकच्या लाइफटाइम टॅक्सचा. महागड्या गाडीला तो भारी पडतो, म्हणून सौदा करतानाच आकडा धरा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा परतावा तिथल्याच आरटीओकडे मागायचा असतो. त्यासाठी जुन्या आरसीची आणि टॅक्स पावतीची झेरॉक्स आधीच काढून ठेवा.