गाडी सकाळी स्टार्ट होत नाहीये? नवीन बॅटरी आणायच्या आधी हे बघून घ्या

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमची जुनी पेट्रोल गाडी सकाळी उठेनाच. गॅरेजवाल्याला बोलावलं, त्यानं किल्ली फिरवली, टकटक आवाज ऐकला आणि बॅटरी गेली म्हणाला, मी पण हो म्हटलं आणि साडेचार हजार देऊन नवी बसवली. पंधरा दिवसांनी परत तेच. मग स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, खोलून झाला, त्याचे वेगळे पैसे. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमननं बॅटरीच्या मायनसची वायर बॉडीला जिथे बोल्टनं कसलेली असते तिथे बोट ठेवलं, तो बोल्ट गंजून लाल झाला होता. सॅंडपेपरनं घासला, परत कसला, गाडी पहिल्या सेल्फला उठली. जुनी बॅटरी चांगलीच होती हो, ती बदल्यात देऊन बसलो होतो. तेव्हापासून मी पार्ट बदलायच्या आधी ऐकतो आणि मोजतो, आणि हे कुणालाही जमण्यासारखं आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आवाज. किल्ली फिरवल्यावर फटाफट टक-टक-टक-टक येत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील तर करंट पोचत नाहीये, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल, वायर खराब आहे. एकच दणकट 'टक्' आला आणि पुढे काहीच नाही, दिवे मात्र झकास, तर स्टार्टर किंवा त्याच्या सोलेनॉइडकडे (स्टार्टरला करंट जोडून देणारा मोठा स्विच) बघायचं. काहीच आवाज नाही पण दिवे चांगले, तर क्लच पूर्ण दाबून बघा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर न्यूट्रलला टाकून बघा, आणि डॅशवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय का बघा, तसं असेल तर गाडी किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली वापरून बघा. बटन स्टार्टवाल्यांनी रिमोटचा सेल बदलून बघावा, बऱ्याच रिमोटला सीआर २०३२ लागतो. आणि इंजिन छान गरगर फिरतंय पण पकडत नाहीये तर बॅटरीला दोष देऊ नका, तिनं तिचं काम केलंय, तो मामला पेट्रोलचा किंवा स्पार्कचा आहे, त्याचं खाली सांगतो.

आता मीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीनचारशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो, घरात असावाच असावा. डीसी २० व्होल्टला लावायचा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडझाप करायच्या आधी मोजायचं. १२.६ म्हणजे बॅटरी फुल, १२.४ ठीक, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत रहा, ९.६ च्या वर टिकला पाहिजे, उभ्या गाडीला १२.५ दाखवून सेल्फ मारताना धाडकन ७-८ वर येत असेल तर बॅटरी आतून म्हातारी झालीय. गाडी चालू झाली की परत मोजा, १३.८ ते १४.५ च्या मधे आलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) बॅटरी चार्ज करतोय. चालू गाडीला पण १२ च्या आसपासच रेंगाळत असेल तर कितीही नव्या बॅटऱ्या आणा, त्या उतरतच राहणार. फक्त नवीन काही गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून मोजा म्हणजे खरं चित्र कळेल.

एक कळकळीची विनंती, अल्टरनेटर चेक करायला चालू गाडीची बॅटरी काढून बघायची ती जुनी पद्धत अजिबात करू नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, त्याची किंमत ऐकून चक्कर येते.

टर्मिनल बघा मग. पांढरट-हिरवट भुकटी साठलेली असते, काही लोक तिला बुरशी म्हणतात पण ते आम्लामुळे झालेले क्षार असतात आणि करंट अडवतात. हातातली अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवा. १० नंबरचा पाना बहुतेक ठिकाणी चालतो. आधी मायनस सोडवायचा, मग प्लस, लावताना उलट, आधी प्लस आणि शेवटी मायनस. कारण साधं आहे, मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होईपर्यंत ठिणग्या उडतात. एका वाटीत गरम पाणी घेऊन दोन चमचे खायचा सोडा टाका आणि जुन्या टूथब्रशनं लावा, लावल्याबरोबर फसफसून फेस येतो, फेस यायचा थांबला की साफ झालं समजा. साध्या पाण्यानं पुसून, सुकवून, बॅटरीचे खांब आणि त्यांना धरणाऱ्या वायरच्या क्लॅम्पची आतली बाजू सॅंडपेपरनं चकचकीत करा, घट्ट कसा आणि वरून बोटभर व्हॅसलिन चोपडा. क्लॅम्प हातानं जोर लावून फिरत असेल तर तो सैल आहे, खड्ड्यांच्या रस्त्यावर असे क्लॅम्प हमखास सैल होतात.

आणि आता माझा तो गंजका बोल्ट, जो मीटरनं दोन मिनिटांत सापडला असता. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हात आणि कपडे बेल्टपासून लांब. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नाही, खांबावरच, आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर दाबून धरायचं, मग दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंत आला तर अर्थिंग चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मधे कुठेतरी करंट अडतोय, मग मायनस वायर शोधत जा, ती एकीकडे बॉडीला आणि एकीकडे गिअरबॉक्सला कसलेली असते, दोन्ही बोल्ट काढून घासा. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ही टेस्ट मी सगळ्यात आधी करायला सांगेन.

सगळं ठीक आहे तरी दोन दिवस उभी राहिली की उतरते? मग काहीतरी गुपचूप करंट खातंय, आणि बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम नाहीतर डिकीतला न विझणारा दिवा यांच्यावर आधी संशय घ्या. मोजायचं असेल तर मायनस वायर काढून मीटर १० अँपिअरवर टाकून खांब आणि वायरच्या मधे जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडला ते सर्किट दोषी. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करताना लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते ती बॅटरीच्या तोंडाशी पडायला नको.

इंजिन फिरतंय पण पकडत नाही, तर किल्ली फक्त ऑनला आणा, सेल्फ नाही, आणि कान मागच्या सीटकडे द्या. पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद 'घूंऽ' असा आवाज बहुतेक गाड्यांत येतो. नाही आला तर आधी पंपाचा फ्यूज बघा, मग रिले (पंपाला करंट देणारा छोटा स्विच). फ्यूज बदलताना त्याच अँपिअरचा टाका, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा असतो. फ्यूज परत परत उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार तर बिलकुल गुंडाळायची नाही, वायर पेट घेते. आवाज येतोय तर बोनेट उघडून वायरी नीट बघा, उंदीर. पार्किंगमधल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर ही आपल्याकडची फार मोठी भानगड आहे, बॅटरीच्या ट्रेखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात लेंड्या दिसल्या की समजायचं.

इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर ब्लूटूथचं ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, स्वस्तात मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिस करतोय. आता त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्कला वीज देणारी) दोन नंबरच्या कॉइलशी अदलाबदल करा, कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. कोड म्हणजे पार्टचं नाव नाही, फक्त दिशा आहे, हे लक्षात ठेवा.

गाडी तापण्याबद्दल थोडं, कारण कुंभार्ली किंवा आंबा घाटात मे महिन्यात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या की वाईट वाटतं. काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, इंजिनची उष्णता आत ओढली जाते, घाम येईल पण इंजिन वाचेल. तरी उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून गाडी बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत दाबाखालचं उकळतं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) असतं, तोंडावर येतं, अर्धा तास तरी थांबा. घरी आल्यावर विचार करा कधी तापली ते. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला पळाली की थंड होते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये, एसी लावून बघा फिरतोय का. उलट घाटात, जोरावर तापते आणि गावात ठीक, तर कूलंट कमी किंवा रेडिएटर चोक. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक तापलाय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघडणारी झडप) अडकलेला किंवा रेडिएटर चोक असू शकतो. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाला दुधाळ चहासारखं लागलंय, तर हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय असा संशय घ्या, गाडी आणखी चालवू नका. बोअरचं पाणी भरू नका, आत क्षार बसतात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच भरा.

ब्रेक मात्र मी घरी उघडत नाही आणि तुम्हीही शिकल्याशिवाय उघडू नका. पावसात रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकला खरखर येते, ती डिस्कवरची गंज, जाते. रोज चीं येतोय तर पॅड संपत आलेत, आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर त्याच दिवशी मेकॅनिककडे. जॅकवरच्या गाडीखाली तर हातसुद्धा घालू नका.

पावसाळ्यात पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा मोह आवरा. इंजिनात पाणी गेलं असेल तर पाणी दबत नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यात सुटणारं काम इंजिन उतरवण्यावर जातं. किल्ली काढा, ढकलून उंचावर घ्या, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टर ओला असेल तर टो करूनच न्या.