पोटाच्या डायलिसिसमध्ये संसर्ग: सीआरपीवर किती विसंबायचं?

पोटातून पिशवीत आलेलं डायलिसिसचं पाणी गढूळ, पिशवीमागे धरलेली छापील अक्षरं वाचता येईनात? रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबू नका. पिशवी तशीच बंद करून त्याच दिवशी डायलिसिस केंद्र गाठा. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून सोलापूरला येणाऱ्यांनी निघतानाच फोन करावा. निदान पाण्यावरच ठरतं: किमान 2 तास पोटात राहिलेल्या पाण्यात मायक्रोलिटरमागे 100 हून जास्त पांढऱ्या पेशी, त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) प्रत्येक बाटलीत 5 ते 10 मिली पाणी, तेही अँटिबायोटिकच्या आधी. नंतर घेतलं तर जंतू बरेचदा उगवतच नाहीत.

सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणारी प्रथिनं, फक्त जोडीला. किडनी निकामी असताना दोन्ही एरवीही वाढलेले असू शकतात, म्हणून तब्येत बरी असतानाचा आकडा वहीत हवाच. शिवाय संसर्गाच्या पहिल्या काही तासांत सीआरपी चढलेलाच नसतो.