गांजाच्या प्रकरणात जामीन अर्ज कसा तयार करावा

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात गांजाच्या प्रकरणी जामीन मागणाऱ्या वकिलाने आधी वजन पाहावे, कारण 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली 1 किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाणात मोडतो, तर 20 किलोंच्या पुढे व्यापारी प्रमाण धरून कलम 37 ची कडक अट (आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटणे) लागू होते. मात्र केवळ आकड्यावर न थांबता पंचनामा शब्दशः वाचावा. ‘हिरवट, उग्र वासाची पाने, काड्या, बिया’ एवढेच वर्णन करून पोत्यासकट 21 किलो दाखवले असतील, तर युक्तिवाद तिथेच सापडतो. व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात आणि ते सोबत नसतील तर पाने व बिया वगळल्या जातात. (पोत्याचे वजन वजा करायला अनेकजण विसरतात.)

जप्त मालाचे नमुने एनडीपीएस कायद्याखालील 2022 च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का, हे तपासावे. परंतु कलम 52-अ चे (जप्त मालाची यादी व नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घेण्याच्या तरतुदीचे) पालन झाले नाही एवढ्यानेच खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केल्याने केवळ त्या त्रुटीवर भिस्त ठेवू नये. झडती 1 जुलै 2024 नंतरची असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 105 खालील चित्रीकरणाची प्रत लेखी अर्जाने मागावी.