लामूला पोथ्यांच्या कामासाठी निघताना

केनियाच्या लामू बेटावर पोथ्यांचे फोटो काढायला जायचं, तर बॅगेच्या आधी परवानगीचं बघा. हबीब सालेह यांनी उभारलेल्या रियाधा मशिदीतला संग्रह असो की कुणाच्या घरातलं बाड, मालक तिथलीच माणसं. ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम’ या, धोक्यातले जुने कागद टिपून ठेवणाऱ्या योजनेतून रियाधाच्या हस्तलिखितांचं काम झालं. त्या योजनेचाही नियम आहे की मूळ पोथी देश सोडणार नाही. काय टिपायचं, काय सगळ्यांना खुलं करायचं, हे आधीच लेखी ठरवून घ्या. सरकारी संशोधन परवाना हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

एप्रिल-मे टाळा, तो तिथला मोठा पाऊस. रमजान आणि मौलिदीची, म्हणजे पैगंबरांच्या जन्मोत्सवाची, गर्दीही टाळा. हिजरी महिने दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं कॅलेंडर कामाचं नाही.

विमान उतरतं शेजारच्या मांडा बेटावर. पुढे होडी, मग गल्ल्यांतून हमाल नाहीतर गाढव. म्हणून पेट्या पाणी न शिरणाऱ्या आणि एकट्याला उचलता येतील अशाच घ्या. कॅमेरा, स्टँड, दोन दिवे, फोटोतले रंग ताडून बघायला रंगपट्टी, जादा बॅटऱ्या आणि सिलिका जेल भरपूर. सपाट स्कॅनर घरीच ठेवा. पोथी उपडी दाबली की शिवण गेलीच म्हणून समजा. एसीच्या खोलीतून आलेला कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. पेन नको, पेन्सिल. आणि ते पांढरे हातमोजे फोटोत छान दिसतात, पण त्यांनी बोटांना कागद कळत नाही, कुजकी कड फाटते. धुऊन कोरडे केलेले हात पुरे.

खरा घोळ होतो सुट्या पानांत. जुन्या अरबी पोथ्यांत पुष्कळदा पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. पानं उजवीकडून डावीकडे चालतात हे लक्षात ठेवून तो शब्द जुळवत जा. जुळला नाही, तर तसंच नोंदवा. स्वतःच्या अंदाजाने पानं हलवू नका. काही मजकूर अरबी लिपीतला पण स्वाहिली असतो, तेव्हा वाचणारा स्थानिक माणूस हवाच, आणि त्याचं मानधन खर्चात आधीच धरा. मधे एखादं छापील पुस्तक निघालं तर बाजूला टाकू नका. मुंबईच्या शिळाछापखान्यांतली अरबी पुस्तकं या किनाऱ्यापर्यंत पोचत होती, आणि समासात हाताने लिहिलेल्या टिपाही असू शकतात.

फाइली टिफ (TIFF) या चित्र-फॉरमॅटमध्ये, तीन प्रती, त्यातली एक मशिदीत.

पोथ्या गुंडाळायच्या बासनांसाठी मांजरपाट इथूनच न्या, पण दोनदा गरम पाण्यातून काढून. कापडातली खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण.