घातक संसर्गासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांची तयारी: पीपीई किट उतरवण्याचा सराव
इबोलासारख्या आजारांच्या प्रशिक्षणात बहुतेक वेळ पीपीई किट चढवण्यावर खर्च होतो. तो उतरवण्यावर व्हायला हवा. चढवताना किट स्वच्छ आणि माणूस ताजातवाना असतो. उतरवताना मात्र किटची बाहेरची बाजू दूषित असते, गॉगलवर वाफ साचलेली असते आणि घामाने भिजलेल्या माणसाला कधी एकदा मोकळा होतो असे झालेले असते. पश्चिम आफ्रिकेतील २०१४-१६ च्या साथीत ५०० हून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांचा इबोलाने बळी घेतला. त्या सर्व मृत्यूंचे कारण किट उतरवतानाची चूक हे नव्हते, हे खरे. तरीही ज्या टप्प्यावरचा धोका सरावाने कमी करता येतो, तो आधी हाती घ्यावा.

प्रत्येक कर्मचाऱ्यासोबत एक प्रशिक्षित निरीक्षक नेमावा. त्याने लेखी यादीतील एकेक पायरी मोठ्याने वाचावी आणि ती पूर्ण झाल्याचे पाहिल्याशिवाय पुढची सांगू नये. उतरवण्याचा क्रम किटच्या प्रकारानुसार बदलतो, म्हणून संस्थेने एकच क्रम ठरवून तोच सर्वांकडून घोटून घ्यावा. प्रत्येक पायरीनंतर हात निर्जंतुक करावेत, फेसशील्ड मागच्या पट्ट्याला धरून काढावे, गाऊन अंगापासून दूर ठेवत आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा आणि एन९५ मास्क पुढच्या भागाला हात न लावता अगदी शेवटी काढावा. त्याआधी हा मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही, याची फिट टेस्ट झालेली असावी. दाढी असेल तर तो घट्ट बसत नाही.

सराव खरोखर जमला का हे पाहायचे असेल, तर किटवर अतिनील प्रकाशात चमकणारे लोशन लावावे, मग किट उतरवायला सांगावे आणि खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च फिरवावी. मनगटावर किंवा मानेवर उमटलेला चमकता डाग तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवतो. मात्र तो पाहून कुणाची थट्टा होऊ देऊ नये, नाहीतर पुढे प्रत्यक्ष वॉर्डात घडलेली चूक लपवली जाते.

हा सराव डॉक्टर आणि परिचारिकांपुरता ठेवू नये. सफाई कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांनाही तितकाच वेळ द्यावा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही आणि सुयांचा डबा तीन-चतुर्थांश भरताच बंद करायचा, हे नियम त्यांनाही ठाऊक असावेत.

सुई टोचली किंवा हातमोजा फाटला, तर काम तिथेच थांबवून ठरलेल्या क्रमानेच बाहेर पडावे, जखम साबण आणि पाण्याने धुवावी व लगेच कळवावे. इबोलाच्या संपर्कानंतर २१ दिवस दररोज तापमान आणि लक्षणे तपासली जातात. या काळात पगार कापला जाणार नाही, असे व्यवस्थापनाने प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी लेखी द्यावे, म्हणजे कळवायला कुणी कचरणार नाही.